गॅरेजमधली जागा: गाडीही आत, सामानही आत, कसं जमवायचं?

खुंटी

गॅरेज आतून ३ मीटर रुंद, साडेपाच मीटर लांब आणि २.७ मीटर उंच आहे. पुढे शटर, वर स्लॅब. छोटी गाडी (३.८५ मीटर लांब, १.६८ मीटर रुंद) रोज रात्री आत लागायलाच हवी, त्यात तडजोड नाही. बाकीचं सामान: दोन सायकली, घडीची शिडी, रंगाचे डबे, हत्यारांच्या दोन पेट्या, बागेची नळी आणि फावडी, रिमसकट चार जादा टायर, सुटकेसा, आणि भिंतीला टेकवून एकावर एक रचलेली खोकी. त्यातली निम्मी उघडल्याशिवाय आत काय आहे ते सांगता येत नाही.

मला घरच्या दुरुस्तीची कामं मनापासून आवडतात. दहा मिनिटांचं काम असतं, पण त्याआधी अर्धा तास पाना शोधण्यात जातो. शेवटी काम उद्यावर जातं आणि नळ ठिबकतच राहतो. एक छोटं कामाचं टेबलही हवं आहे.

कपाटं घ्यावीत की उघडे रॅक? छताचा उपयोग करता येतो का? सुरुवात कुठून करावी? ज्यांनी आपलं गॅरेज लावून घेतलं आहे त्यांनी जरा सविस्तर लिहा.

ओळंबा

खुंटी, मापं दिलीत हे फार बरं केलंत. या विषयावर बहुतेक जण "सामान खूप आहे" एवढंच सांगतात, आणि त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

रॅक विकत घेण्याआधी खडू घ्या. गाडी आत लावा, चारही दारं, डिकी आणि बॉनेट एकेक करून उघडा आणि प्रत्येकाची कड जमिनीवर आखून काढा. डिकी उघडल्यावर किती उंच जाते तेही भिंतीवर खूण करून ठेवा. मग गाडी बाहेर काढा. आखलेल्या रेषांच्या बाहेर जे उरेल ती तुमची जागा. ती तुम्हाला वाटते त्यापेक्षा वेगळ्या ठिकाणी असते.

तुमच्या मापांवर हिशेब करून पाहू. गाडी मधोमध लावली तर दोन्ही बाजूंना ६६ सेंमी उरतात. म्हणजे उतरायला दोन्हीकडे अडचण आणि रॅकला कुठेच जागा नाही. तीच गाडी चालकाच्या विरुद्ध भिंतीकडे सरकवा, आरसा मिटून २५ सेंमी सोडा. चालकाच्या बाजूला १०७ सेंमी मिळतात. बाकीच्यांनी गॅरेजबाहेरच उतरायचं, एवढी एक सवय घरात लावावी लागते.

लांबीचं बघा. शटरपासून २५ सेंमी सोडून गाडी उभी केली तर बॉनेटपुढे १४० सेंमी राहतात. खरी जागा ती आहे. समोरची भिंत ३ मीटर रुंद आहे, तिचे दोन भाग करा: अर्ध्यात ४५ सेंमी खोल रॅक आणि अर्ध्यात घडीचं टेबल. टेबल ५५ सेंमीचं केलंत तरी ते उघडल्यावर उभं राहायला ८५ सेंमी उरतात, तेही गाडी आत असताना.

चालकाच्या बाजूच्या भिंतीवर दार उघडतं त्या पट्ट्यात १५ सेंमीपेक्षा जास्त पुढे येणारं काहीही लावू नका. तिथे झाडू, फावडी, नळीचं वेटोळं अशा सपाट वस्तू. त्याच भिंतीवर बॉनेटच्या बाजूला मात्र ४० सेंमी खोलीची मांडणी चालेल.

गाडी दर वेळी त्याच जागी थांबली पाहिजे, नाहीतर हे सगळं गणित फुकट. चाकासमोर जमिनीला एक आडवा अडसर बसवा. नाहीतर छतातून दोरीने हलका चेंडू टांगा, काचेला टेकला की थांबायचं.

पोटमाळा

ओळंबांशी सहमत, फक्त एक राहिलं. छत! २.७ मीटर उंची आणि गाडी दीड मीटरची. वरचा जवळपास सव्वा मीटर पूर्ण रिकामा जातोय. माझ्याकडे बॉनेटच्या वर लोखंडी चौकटीचा माळा आहे, त्यावर सुटकेसा, तंबू, थंडीतली पांघरुणं असं सगळं जातं. जमिनीची इंचभरही जागा न घेता. भिंतींचं नंतर बघा, आधी वर बघा.

साधीसोपी

वर-खाली, आडवं-उभं हे सगळं नंतर. आधी सगळं बाहेर काढा. कोरड्या दिवशी, सकाळी, अंगणात किंवा दारासमोर चादर पसरून. आत असलेल्या सामानाची वर्गवारी आतच करायला गेलात की माणूस एक खोकं इकडून उचलून तिकडे ठेवतो आणि दमतो.

चादरीवर ढीग करताना वस्तूच्या जातीपेक्षा कामाकडे बघा. सगळे ब्रश एकीकडे आणि सगळ्या चिकटपट्ट्या दुसरीकडे असं केलं की दिसायला छान दिसतं, पण खिडकी रंगवायची म्हटलं की पाच पेट्या उघडाव्या लागतात. त्याऐवजी "रंगकाम" या एका पेटीत ब्रश, रोलर, चिकटपट्टी, सँडपेपर, जुनं कापड, डबा उघडायचा चपटा स्क्रू-ड्रायव्हर, सगळं. तसंच "नळकाम", "सायकल", "विजेचं", "बाग". एखादा स्क्रू-ड्रायव्हर तीन पेट्यांत असला तरी हरकत नाही, तो तिथे असायलाच हवा. काम निघालं की एक पेटी उचलायची.

दुसरं, काही वस्तू गॅरेजच्या नाहीतच. फोटो, कागदपत्रं, पुस्तकं, लोकरीचे कपडे, औषधं. उन्हाने तापणाऱ्या आणि हवेतला दमटपणा आत घेणाऱ्या जागेत हे टिकत नाही. घरात जागा नाही म्हणून फोटोंचं खोकं गॅरेजमध्ये गेलं की ते हळूहळू चिकटून एक वीट होतं. त्याला घरात जागा करा आणि बदल्यात घरातली एखादी रिकामी बॅग बाहेर पाठवा.

वाळलेले, साय धरलेले रंग ठेवू नका. मोरीत किंवा गटारात ओतूही नका. घातक कचरा जिथे वेगळा घेतात तिथे द्या. जे रंग ठेवायचे त्या डब्याच्या झाकणावर नको, अंगावर लिहा: कुठल्या खोलीचा, कुठल्या भिंतीचा, रंगाचा क्रमांक आणि वर्ष. झाकणं बदलली जातात.

रंधा

माझं निम्मं आयुष्य लाकूडकामात गेलं, तेव्हा भिंत आणि फळी या दोनच गोष्टींवर लिहितो.

तुमची भिंत कशाची आहे हे आधी समजून घ्या. कोपऱ्यात एक छोटं भोक पाडा आणि भुकटी हातावर घ्या. गिलाव्याची भुकटी संपल्यावर लाल येऊ लागली तर भाजलेली वीट. करडी, बारीक, आणि ड्रिल जोर लावूनही हळूहळू जातंय, तर काँक्रीट. पांढुरकी, रवाळ आणि ड्रिल लोण्यासारखं आत शिरलं तर हलके ब्लॉक. मध्येच ड्रिल गचकन पुढे गेलं तर आत पोकळी आहे. शेवटच्या दोन्ही प्रकारांत ड्रिलचा ठोका बंद ठेवा, नुसतं फिरवून भोक पाडा, नाहीतर भोक मोठं होतं आणि प्लग (स्क्रू धरून ठेवणारी भोकातली नळी) धरत नाही. हलक्या ब्लॉकसाठी आणि पोकळ भिंतीसाठी वेगळे प्लग मिळतात, तेच वापरा.

आता लांबीचा हिशेब. गिलावा वजन पेलत नाही. प्लग पूर्ण विटेत बसला पाहिजे. समजा भिंतीवर लावायची लाकडी पट्टी १८ मिमीची, गिलावा १५ मिमी, प्लग ४० मिमी. बेरीज ७३. म्हणजे ७५ मिमीचा स्क्रू लागणार. लोक ५० चा लावतात, तो जेमतेम १७ मिमी विटेत जातो आणि वर्षभराने खुंटी वाकून खाली बघू लागते.

हत्यारं, पेट्या, छोटे कप्पे यांच्यासाठी मी एकच पद्धत सुचवीन. १८ मिमी प्लायची साधारण १५ सेंमी रुंद पट्टी घ्या आणि करवतीचं पातं ४५ अंशांत कलतं ठेवून ती मधून उभी चिरा. दोन पट्ट्या मिळतात, दोघींची एकेक कड तिरपी. एक भिंतीवर आडवी ठोकायची, तिरपी कड वर आणि उतार भिंतीकडे, म्हणजे पट्टी आणि भिंत यांच्यात खाच तयार होते. दुसरी पट्टी कप्प्याच्या पाठीला उलटी लावायची. कप्पा वरून सरकवला की तिरपी कड त्या खाचेत बसते आणि वजनाने आणखी घट्ट होते. काढायचा तर वर उचला, झालं. अशा पट्ट्या भिंतीवर ३० सेंमी अंतराने चार-पाच ओळींत लावल्या की पुढे कधीही मांडणी बदला, नवीन भोक पाडायला नको.

जाळीदार भोकांचे बोर्डही चांगले, पण हलक्या हत्यारांसाठीच. शिवाय बोर्डाच्या मागे दीड-दोन सेंमी पोकळी लागते, नाहीतर आकडा आत वळत नाही. मागे लाकडी पट्ट्या देऊन मगच लावा.

फळ्यांबद्दल. मध्ये आधार नसलेली फळी जितकी लांब तितकी वाकते, पण ती सरळ हिशेबाने वाकत नाही. मधोमध तेच वजन ठेवलं आणि लांबी दुप्पट केली तर वाक आठपट होतो. जाडीचंही तसंच: १२ मिमीऐवजी १८ मिमीची फळी घेतलीत तर वाक तिसऱ्या हिश्श्यावर येतो. म्हणून १८ मिमी प्लाय, आणि ७५-८० सेंमीला एक आधार. त्याहून लांब ठेवायचीच असेल तर पुढच्या कडेखाली २५ बाय ५० मिमीची लाकडी पट्टी उभी करून गोंद आणि स्क्रूने लावा. तेवढ्या पट्टीने ४० सेंमी रुंदीच्या फळीचा ताठपणा दुपटीच्या वर जातो. भुशाचे बोर्ड गॅरेजमध्ये नकोत. ओल लागली की फुगतात, आणि एकदा फुगलेला बोर्ड परत बसत नाही.

सायकलस्वार

वाचनखूण साठवली आहे. रंधाकाका, असंच लिहीत राहा.

कडीकुलूप

मी कपाटांच्या बाजूची आहे. उघड्या रॅकवर धूळ बसते, शटर उघडं असलं की रस्त्यावरून सगळं दिसतं, आणि घरात लहान मूल असेल तर कीटकनाशक, ॲसिड, ब्लेड कुलपात असलेच पाहिजेत. वरच्या फळीवर ठेवलं म्हणजे सुरक्षित झालं असं नाही. मुलं चढतात. बाकी तुम्ही काहीही उघडं ठेवा, पण एक कुलपाचं कपाट हवंच.

साधीसोपी

@कडीकुलूप, एक कपाट कुलपाचं हवं हे शंभर टक्के मान्य. पण सगळी कपाटं केली तर दारं उघडायला पुन्हा जागा लागते, आणि बंद दारामागे काय आहे याचा विसर पडतो. मग असलेली वस्तू पुन्हा विकत आणली जाते. माझं मत: विषारी आणि धारदार ते कुलपात, बाकी उघड्या रॅकवर झाकणाच्या पारदर्शक पेट्यांमध्ये. धूळ पेटीवर बसते, वस्तूवर नाही.

पेट्या एकाच मापाच्या घ्या, म्हणजे एकावर एक बसतात. खूप मोठ्या नकोत. ५० लिटरची पेटी पुस्तकांनी किंवा अवजारांनी भरली तर तीस किलोच्या पुढे जाते. जड वस्तूंना छोटी पेटी, हलक्यांना मोठी. नाव पेटीच्या अरुंद बाजूला लिहा, कारण रॅकवर तीच बाजू समोर असते.

तेलपाणी

जागेचं बोलणं चांगलं चाललं आहे. पण "रंगाचे डबे" आणि "रोज गाडी आत" हे वाचल्यावर मला पुढचं लिहिल्याशिवाय राहवत नाही. कृपया पूर्ण वाचा.

गॅरेज ही घराला चिकटलेली अशी जागा आहे जिथे इंधन, वीज आणि लाकूड-पुठ्ठा एकत्र असतात. मांडणी करताना आगीचा विचार पहिल्यांदा करायचा असतो.

पेट्रोल सुटं ठेवू नका. ठेवावंच लागलं तर इंधनासाठीच बनवलेल्या कॅनमध्ये, थोडंसं, घराच्या भिंतीपासून दूर. पाण्याच्या बाटलीत कधीच नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड असते. ती जमिनीलगत सरपटत जाते आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या ठिणगीपर्यंत पोचते. उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट्रोल पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, तेव्हा "आज गार आहे" हा दिलासा खोटा. ज्या गॅरेजमध्ये गॅसवर चालणारा गीझर किंवा बर्नर आहे तिथे पेट्रोल अजिबात नको. गॅसचा सिलिंडरही बंद गॅरेजमध्ये नको, तो गॅससुद्धा हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचून राहतो.

बॅटरीचं उलटं. शिशाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. तो हलका, वर जाऊन छताशी जमतो आणि हवेत ४ टक्के झाला तरी पेटू शकतो. म्हणून बॅटरी चार्ज करायची जागा कपाटात किंवा बंद कप्प्यात करू नका, वर झरोका किंवा खिडकी असेल अशा बाजूला करा. (अवांतर: काँक्रीटच्या जमिनीवर ठेवली की बॅटरी उतरते हे आजच्या प्लॅस्टिकच्या खोक्याच्या बॅटऱ्यांना लागू नाही.) विजेवरच्या सायकलीची लिथियम बॅटरी बाहेर पडायच्या वाटेत चार्ज करू नका. पेटली तर तीच वाट बंद होते.

जवसाचं तेल किंवा तशी लाकडाला लावायची तेलं पुसलेली फडकी. रंधांना हे माहीत असेलच. तेल वाळताना उष्णता सोडतं. फडक्याचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर ती उष्णता आतच अडकते आणि बोळा आपोआप पेट घेतो, काडी लावायला कुणी लागत नाही. फडकी एकेक उलगडून बाहेर मोकळ्या हवेत वाळवायची, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवायची.

ब्लीच आणि ॲसिड शेजारी ठेवू नका. सांडून एकत्र आले तर क्लोरीन वायू होतो. दोघांच्या खाली वेगवेगळे ट्रे असू द्या.

स्प्रेच्या डब्यांवर ५० अंशांच्या वर तापू देऊ नका असं छापलेलं असतं. उन्हात तापणाऱ्या छताजवळच्या फळीवर ते ठेवायचे नाहीत. पोटमाळा, हे खास तुमच्यासाठी.

आणि अग्निशामक. एबीसी प्रकारचा (लाकूड-कागद, तेल-इंधन आणि गॅस अशा तिन्ही आगींवर चालणारा) पावडरचा, बाहेर पडायच्या दाराजवळ. रंगाच्या कप्प्याशेजारी लावला तर आग लागल्यावर तो आगीच्या पलीकडे असेल. आत गाडी चालू ठेवून काम करायचं नाही, शटर अर्धं उघडं असलं तरीही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही.

ओळंबा

तेलपाणींचा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवून ठेवायला हवा.

पोटमाळा

तेलपाणी, माझ्या माळ्यावर स्प्रेचे डबे नाहीत, पण उन्हाचा मुद्दा बरोबर आहे. वरच्या हवेत चांगलाच फरक असतो. मेणबत्त्या, चिकटपट्ट्या, डिंक असल्या वस्तूही वर नकोत.

रंधा

माळ्याबद्दल दोन शब्द. कल्पना चांगली आहे, पण तिला मर्यादा आहेत त्या आधी सांगायला हव्यात.

वजन छताला टांगलं की बोल्ट सरळ बाहेर ओढला जातो. भिंतीवरच्या ब्रॅकेटमध्ये वजनाचा मोठा भाग बोल्टच्या आडव्या अंगावर येतो, म्हणून ते जास्त भरवशाचं. छताला लावायचं तर स्लॅबमध्ये लोखंडी फुगणारे अँकर हवेत, प्लॅस्टिकचे प्लग नाहीत. भोक पाडण्याआधी विजेच्या नळ्या कुठून गेल्यात ते दिव्याच्या पॉइंटवरून अजमावा, किंवा भिंतीतल्या तारा शोधणारं यंत्र फिरवा. आणि स्लॅब ताण दिलेल्या तारांचा असेल तर बांधणाऱ्याला विचारल्याशिवाय ड्रिल लावायचंच नाही. ती तार तुटणं जीवघेणं असतं.

मी असेल तर माळ्याची एक कड समोरच्या भिंतीवर लाकडी पट्टीवर टेकवीन आणि फक्त दुसरी कड छताला टांगीन. निम्मं वजन भिंतीवर जातं.

वर काय ठेवायचं? हलकं, मोठ्या आकाराचं आणि वर्षातून एकदा लागणारं. रिकाम्या सुटकेसा उत्तम. जड पेटी घेऊन शिडीवर चढायची वेळ आणू नका. जड सामानाची जागा गुडघा आणि खांद्याच्या मध्ये.

शटरच्या बाजूला माळा आणू नका. आणि ज्यांचं दार वरच्या रुळांवर सरकतं त्यांनी त्या रुळांना काहीही टांगू नये. त्या दाराची स्प्रिंग फार ताणलेली असते, तिला हात लावायचं काम जाणकाराचं. असं दार विजेवर चालत असेल तर त्याचे अडथळा ओळखणारे डोळे (सेन्सर) जमिनीपासून साधारण १५ सेंमीवर असतात. समोर खोकं आलं की दार बंदच होत नाही, आणि लोक दार बिघडलं समजतात.

पोटमाळा

एक कड भिंतीवर टेकवायची सूचना फार आवडली. माझा माळा चारही बाजूंनी टांगलेला आहे, घट्ट आहे, पण पुढचं गॅरेज लावायची वेळ आली तर असंच करीन. जड सामान वर नको याच्याशी सहमत.

सायकलस्वार

सायकलींवर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पुढच्या चाकाला आकड्यात अडकवून उभी टांगलेली सायकल भिंतीपासून मीटरभर पुढे येते. खुंटींच्या गॅरेजमध्ये ते परवडणार नाही. आडवी टांगली तर हँडलच्या रुंदीइतकीच पुढे येते, म्हणजे ६०-६५ सेंमी. जिथे गाडी भिंतीला चिकटून लावणार आहात (२५ सेंमी सोडून) तिथे बॉनेटच्या वरच्या उंचीवर सायकल टांगा. चाकाचा तळ साधारण सव्वा मीटरवर आला की हँडल बॉनेटच्या वर येतं, कुठे अडत नाही. दुसरी तिच्या पुढे, समोरच्या भिंतीच्या कोपऱ्यात उभी. पण जी रोज लागते ती टांगू नका. ती शटरजवळ चालकाच्या बाजूला जमिनीवर राहू द्या, नाहीतर चार दिवसांत भिंतीला टेकवायला सुरुवात होते.

टायर: रिमसकट असतील तर एकावर एक आडवे रचा किंवा टांगा, दोन्ही चालतं. रिम नसलेले टांगू नका, उभे ठेवा आणि अधूनमधून थोडे फिरवा. ऊन लागू देऊ नका. विजेच्या मोटरपासूनही दूर ठेवा, तिच्या ठिणग्यांतून होणारा ओझोन रबराला तडे पाडतो.

भुईछत्र

ओल हा विषय राहिला. उत्तम रॅक केले आणि जमिनीतून ओल येत असेल तर सगळं गंजतं. तपासायला सोपं आहे: जाड प्लॅस्टिकचा अर्धा मीटर चौकोनी तुकडा जमिनीवर पसरा, चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि एक दिवस राहू द्या. उचलल्यावर खालची जमीन काळपट किंवा प्लॅस्टिकला आतून थेंब, तर ओल जमिनीतून येते. तसं असेल तर काहीही जमिनीला टेकवून ठेवायचं नाही. सगळ्यात खालची फळी १०-१५ सेंमी वर, आणि रॅक भिंतीपासून दोन बोटं सुटा, म्हणजे मागून हवा खेळते आणि वाळवीची माती वेळेत दिसते. रॅकच्या पायांखाली लाकडी ठोकळे नकोत, प्लॅस्टिकचे किंवा लोखंडी बूट घाला.

पुठ्ठ्याची खोकी काढून टाका, हे मी अगदी कळकळीने सांगेन. पुठ्ठा ओल धरतो, तळ सुटतो, आणि झुरळं, कसर, वाळवी यांना तो खाऊ आणि घर दोन्ही आहे.

हवेतला दमटपणा ६० टक्क्यांच्या वर राहिला की लोखंड गंजायला लागतं. छिन्न्या, करवती, ड्रिलची पाती झाकणाच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि पातळसा तेलाचा हात फिरवा.

शटरच्या खालची फट बघा. ६ मिमीच्या फटीतूनही उंदराचं पिल्लू आत येतं. रबराची पट्टी लावा. पाखरांचे दाणे किंवा कुत्र्यामांजरांचं खाणं आत ठेवत असाल तर पत्र्याच्या डब्यात.

खुंटी

किती लिहिलंत तुम्ही सगळ्यांनी! सगळं वहीत उतरवून घेतलं आहे. भिंतीची भुकटी लाल निघाली. प्लॅस्टिक लावून पाहिलं, जमीन कोरडी आहे. खडूने आखल्यावर ओळंबांचं म्हणणं तंतोतंत पटलं, बॉनेटपुढची जागा आजवर दिसलीच नव्हती, कारण तिथे खोकी होती.

आता ठरवलं ते असं. समोरच्या भिंतीवर डावीकडे दीड मीटर रॅक, उजवीकडे घडीचं टेबल, टेबलावर रंधाकाकांच्या तिरप्या पट्ट्या. कुलपाचं कपाट चालकाच्या भिंतीवर बॉनेटशेजारी. रॅकच्या वर माळा, एक कड भिंतीवर, सुटकेसांपुरता. टायर रॅकच्या तळात. विजेची मोटर गॅरेजमध्ये नाही, त्यामुळे तो प्रश्न नाही.

तीन शंका: टेबल किती उंचीवर? दिवा कुठे? आणि सुटे खिळे-स्क्रू यांचं काय करायचं? त्यांचे डबेच्या डबे आहेत.

रंधा

टेबलाची उंची तुमच्या हातावरून. सरळ उभे राहा, हात सैल सोडा, मनगटाच्या घडीपर्यंत जमिनीपासून मोजा. करवत, रंधा, ठोकठाक यासाठी तेवढी उंची बरोबर. बहुतेकांची ८० ते ९० सेंमीत येते. बारीक काम जास्त असेल तर दहा सेंमी वर. फळी १८ मिमीच्या दोन थरांची करा, गोंद लावून स्क्रूने आवळा. एकेरी फळी हातोडीखाली उसळते.

घडीचे ब्रॅकेट घेताना त्यावर लिहिलेली वजनाची मर्यादा जोडीची आहे की एकाची ते बघा. भिंतीला आधी जाड लाकडी पट्टी आडवी लावा आणि ब्रॅकेट त्या पट्टीवर बसवा.

ओळंबा

दिवा: बहुतेक गॅरेजमध्ये एकच दिवा मधोमध असतो आणि गाडी आत आली की तो फक्त गाडीच्या टपावर पडतो. टेबलाशी उभे राहिलात की तुमचीच सावली कामावर. टेबलाच्या वर, तुमच्या डोक्याच्या थोडी पुढे, भिंतीच्या बाजूला एलईडीची लांब पट्टी लावा. रॅकच्या समोर एक. प्लग पॉइंट टेबलाच्या वर हवेत, खाली नकोत.

हत्यारांच्या पट्ट्यांवर प्रत्येक हत्याराची कड पेन्सिलीने काढून ठेवा. टोयोटाच्या कारखान्यांमुळे कामाची जागा नीटनेटकी लावायची जी '५ एस' पद्धत सगळीकडे पोचली, तिच्यात हे करतात. संध्याकाळी रिकामी आकृती दिसली की पक्कड बाहेर राहिली आहे हे न शोधता कळतं.

साधीसोपी

खिळे-स्क्रूंचे "डबेच्या डबे" एका बैठकीत निवडायला बसू नका, कुणाचंही ते पूर्ण होत नाही. झाकणाच्या पारदर्शक बरण्या घ्या. चारच भाग करा: लाकडाचे स्क्रू, नटबोल्ट, खिळे, भिंतीचे प्लग आणि त्यांचे स्क्रू. गंजलेले आणि आटे गेलेले सरळ भंगारात. लांबीनुसार वेगळे करायचं काम ज्या दिवशी ती लांबी लागेल त्या दिवशी आपोआप होतं. बरणीवर आतल्यातला एक स्क्रू बाहेरून चिकटवून ठेवा, नाव वाचायचीही गरज नाही.

कडीकुलूप

खुंटी, चालकाच्या भिंतीवरचं कपाट बॉनेटशेजारी म्हणताय, त्याचं दार कुठल्या बाजूला उघडणार ते आधी ठरवा. बिजागरी टेबलाच्या बाजूला असेल तर उघडलेलं दार तुम्हाला कोपऱ्यात अडकवेल. शटरच्या बाजूला बिजागरी ठेवा, म्हणजे टेबलाशी उभं राहून हात सरळ कपाटात जाईल. आणि रॅक व कपाट दोन्ही वरच्या बाजूने भिंतीला एल पट्टीने बांधा. मूल फळीवर चढलं किंवा वरचा कप्पा जास्त भरला तर सुटं कपाट अंगावर येतं.

खुंटी

बिजागरीचा विचारच केला नव्हता. शटरच्या बाजूला घेतो. एल पट्ट्या यादीत लिहिल्या.

रंधा

एल पट्टी रॅकच्या सगळ्यात वरच्या आडव्या अँगलला लावा, फळीला नको. भिंतीत ८ मिमीचा प्लग, दोन्ही टोकांना एकेक. आणि रॅक आधी पाणसळीने (स्पिरिट लेव्हलने) सरळ करून घ्या, मगच पट्टी आवळा. वाकडा रॅक भिंतीला बांधला तर तो कायम त्या प्लगला ओढत राहतो.